ध्वनिक्षेपणाची शताब्दि आणि शेतकरी

आजकाल महोत्सवांचा सुकाळ झाला आहे. एखाद्या संस्थेस पंचवीस वर्षें झालीं कीं रौप्यमहोत्सव, पन्नास झालीं कीं सुवर्णमहोत्सव, पंचाहत्तर झालीं कीं अमृतमहोत्सव; आणि शंभर भरलीं म्हणजे तर विचारावयासच नको. मंडप, हारतुरे, स्मरणिका, छायाचित्रें आणि भाषणें यांची रेलचेल उडते. आमचा या गोष्टीस मुळींच विरोध नाहीं. ज्यांनीं सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत तारखा लिहिण्यांत व तपासण्यांत घालविली, त्यांस तारखेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. फेरफाराच्या नोंदीस तारीखच नसेल तर ती नोंद काय कामाची? परंतु कोणती तारीख स्मरणांत ठेवावयाची आणि कोणती सोडून द्यावयाची, हें जो ठरवितो त्याच्या सोयीप्रमाणें पुढें इतिहास लिहिला जातो, एवढें मात्र आम्ही पाहत आलों आहों.

२३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र तेव्हांचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडण्यांत आलें. त्याची आठवण म्हणून प्रतिवर्षीं २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळतात. २३ जुलै २०२७ रोजीं या गोष्टीस शंभर वर्षें पूर्ण होतात. त्या प्रसंगीं समित्या नेमल्या जातील, जुन्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका वाजतील, गायक, नट व निवेदक यांचे सत्कार होतील. तें सर्व यथायोग्यच आहे. आमचा प्रश्न इतकाच कीं शंभर वर्षांच्या या पंगतींत शेतकऱ्याचें पान कोठें मांडलें जाणार? हा विचार संस्थेच्या सभासदांनीं पंगत बसण्यापूर्वींच करावा, पाठीमागून नव्हे, म्हणून हा लेख लिहीत आहों.

पहिल्या कंपनीची हकीकत पाहण्यासारखी आहे. भांडवल पंधरा लाखांचें योजिलें होतें. प्रत्यक्ष जमले सहा लाख, आणि त्यांतील बहुतेक मुंबई व कलकत्ता येथील दोन केंद्रें उभारण्यांतच खर्च झाले. यंत्राची शक्ति दीड किलोवॅट. आवाज नीट ऐकूं येई तो सभोंवार सुमारें तीस मैलांपर्यंत. म्हणजे मुंबईचें गाणें कल्याणपर्यंत पोंचलें तर पोंचलें. घाट चढून मावळांत किंवा जुन्नरास येण्याची त्याची ताकद नव्हती. शिवाय परवान्याची फी सालीना दहा रुपये. ज्यांनीं त्या काळचे जमाबंदीचे कागद चाळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं कोरडवाहू जमिनीच्या लहान खातेदाराचा सबंध वर्षाचा सारा पुष्कळदां याहून कमी असे. साऱ्याच्या दुपटीनें पैसे भरून गाणें कोण ऐकणार? अर्थात् कंपनीच्या हिशेबांत शेतकरी हा श्रोता म्हणून धरलेलाच नव्हता.

१ मार्च १९३० रोजीं कंपनी मोडली. १ एप्रिलपासून सरकारनें कारभार आपल्या हातीं घेतला; परंतु खर्च परवडेना, म्हणून १० ऑक्टोबर १९३१ रोजीं केंद्रें बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर मोठी ओरड झाली आणि २३ नोव्हेंबर रोजीं तो निर्णय मागें घ्यावा लागला. ओरड कोणाची असणार? साहजिकच ज्यांच्या घरीं संच होते त्यांची व जे संच विकीत त्यांची. ज्याच्यापाशीं वस्तूच नाहीं तो ती बंद होणार म्हणून कसा ओरडणार? तेव्हां पहिल्या पांच वर्षांत ध्वनिक्षेपण मेलें काय किंवा जगलें काय, खेड्यास त्याची दाद नव्हती. ८ जून १९३६ रोजीं या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें, आणि आकाशवाणी हें नांव सर्वत्र रूढ झालें तें १९५७ पासून. या सर्व तारखा येत्या शताब्दींत मोठ्या अक्षरांनीं छापल्या जातील.

चित्रपटाच्या बाजूस पाहिलें तर शेतकरी तेथें थोडा लवकर पोंचला, असें म्हणतां येईल. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लागला, हें सर्वांस माहीत आहे. परंतु त्यानंतर बारा वर्षांनीं, १९२५ सालीं, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला, त्याची आठवण किती जणांस आहे? कथा नारायण हरि आपटे यांची. तरुण शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलेलें. सावकाराच्या कागदापायीं शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो पोट भरण्यासाठीं शहरांत गिरणीची वाट धरतो, एवढीच गोष्ट. देव नाहींत, राक्षस नाहींत, चमत्कार नाहींत. ज्या मुलखांत हा चित्रपट निघाला त्याच्या शेजारींच पन्नास वर्षांपूर्वीं, १८७५ च्या मे महिन्यांत, सुपें येथें लोकांनीं सावकारांचे रोखे जाळले होते, व त्यामुळेंच १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जाविषयींचा कायदा झाला होता. २०२५ सालीं त्या दंग्यास दीडशें वर्षें भरलीं व या मूकपटास शंभर. आमच्या तालुक्यांत दोहोंपैकीं एकाचेंहि नांव कोणी काढल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. असो.

तथापि चित्रपट कितीहि चांगला असला तरी तो शेतकऱ्याविषयीं बोलतो, शेतकऱ्याशीं बोलत नाहीं. आणि शेतकऱ्यास उलट कांहीं विचारावयाचें असेल तर पडद्यास कान नाहींत. रेडिओचें तसें नाहीं. रेडिओस कान देतां येतात, ही गोष्ट प्रथम कानडाच्या शेतकऱ्यांनीं दाखविली. तेथें १९४१ पासून देशभर ‘फार्म रेडिओ फोरम’ म्हणून एक उपक्रम चालू झाला. हिवाळ्यांत सोमवारीं रात्रीं शेजारपाजारचीं कुटुंबें एकाच्या घरीं जमत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत वाद करीत, आणि निघालेला निष्कर्ष लिहून मध्यवर्ती कचेरीकडे पाठवीत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृति करा, असें त्यांचें ब्रीद होतें. चोवीस वर्षें, म्हणजे १९६५ पर्यंत, हें चाललें. युनेस्को या जागतिक संस्थेस वाटलें कीं ही रीत निरक्षर व गरीब मुलखांतहि चालते कीं काय तें पाहावें. आणि त्यासाठीं जो मुलूख निवडला तो दुसरा कोणताहि नसून आपलाच होता.

वाचकांनीं ही गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी, कारण सर्व लेखाचा कणा तोच आहे. पुणें येथें आकाशवाणीचें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें होतें. त्या केंद्रावरून १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत आठवड्यांतून दोन वेळां अर्ध्या अर्ध्या तासाचे असे वीस कार्यक्रम खास शेतकऱ्यांच्या मंडळांसाठीं करण्यांत आले. तेव्हांच्या मुंबई राज्यांतील पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच मराठी जिल्ह्यांत मिळून सुमारें दीडशें गांवीं अशीं मंडळें बनविलीं होतीं. प्रत्येक मंडळांत वीसएक माणसें, एक अध्यक्ष व एक चिटणीस. कार्यक्रमाच्या वेळीं सर्वांनीं जमावयाचें, शांतपणें ऐकावयाचें, संच बंद झाल्यावर त्याच विषयावर बोलावयाचें, आणि चिटणिसानें काय बोलणें झालें, कोणत्या शंका निघाल्या व मंडळानें काय करावयाचें ठरविलें याचा कागद केंद्राकडे धाडावयाचा. त्यांतील शंकांस पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरें मिळत. म्हणजे पोस्टाच्या पाकिटामार्फत कां होईना, रेडिओस कान फुटले होते.

या प्रयोगाची तपासणी पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानें मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साह्यानें केली. त्यांची रीत आम्हांस फार आवडली, कारण ती अगदीं जुन्या पद्धतीच्या जमीन मोजणीसारखी आहे. आधीं हद्दीचे दगड पक्के करावयाचे, मगच सांखळी टाकावयाची. त्यांनीं मंडळें असलेलीं वीस गांवें निवडलीं. त्यांच्या जोडीस मंडळ नसलेलीं आणखी वीस गांवें घेतलीं. या दुसऱ्या वीसांतहि दोन भाग केले: दहा गांवांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, आणि दहा गांवांत रेडिओच नव्हता. कार्यक्रमांपूर्वीं व कार्यक्रमांनंतर सर्व ठिकाणच्या लोकांस तेच प्रश्न विचारले आणि कोणाच्या माहितींत किती भर पडली तें ताडून पाहिलें.

निकाल असा लागला कीं मंडळांच्या गांवांतील लोकांचें ज्ञान स्पष्टपणें व पुष्कळ वाढलें, आणि त्यांत निरक्षर माणसेंहि मागें राहिलीं नाहींत. इतर गांवांत फारसा फरक पडला नाहीं. यांत खरी मेख आहे ती ही कीं ज्या दहा गांवांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, तीं गांवें बिनरेडिओच्या गांवांहून फारशीं पुढें गेलीं नाहींत. तोच आवाज, तीच भाषा, तेंच केंद्र. पण ऐकल्यावर चार माणसें एकत्र बसून त्यावर बोललीं नाहींत, तर ऐकलेलें वाऱ्यावर गेलें. उलट मंडळांच्या गांवीं ऐकण्यावरच काम थांबलें नाहीं. कोठें विहिरी खोदल्या, कोठें चांगल्या जातीचा वळू आणला, कोठें लेगहॉर्न कोंबड्या घेतल्या, कोठें बालवाडी निघाली. अडीच महिन्यांत, आठवड्यास दोन संध्याकाळीं बसून हें झालें. ज्या ग्रामसभेंत हजेरीपुरते अंगठे उठतात, ती पाहिलेल्या माणसास याचें नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं.

या प्रयोगास २०२६ सालच्या फेब्रुवारींत सत्तर वर्षें होतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ध्वनिक्षेपणाच्या इतिहासांत याहून मोठी तारीख आम्हांस दिसत नाहीं. १९२७ सालीं यंत्र बोलूं लागलें. १९५६ सालीं शेतकरी त्याच्याशीं बोलूं लागला. पहिल्या तारखेचा दिन पाळला जातो. दुसरीची खबर ज्या पांच जिल्ह्यांत ती घडली तेथेंहि कोणास नाहीं. आमच्या जुन्या खात्याच्या भाषेंत बोलावयाचें तर खातें एकाच्या नांवें चढलें आणि वहिवाट दुसऱ्याची राहिली.

पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. पुण्याचें यश पाहून १७ नोव्हेंबर १९५९ पासून आकाशवाणीनें ग्रामीण श्रोतृमंडळांची योजना देशभर पसरविली आणि थोड्याच वर्षांत मंडळांचा आंकडा हजारांच्या घरांत गेला. आंकडा वाढला पण जीव गेला. आमच्या मतें याचीं दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं पुण्याच्या प्रयोगांत कागद पाठविला तर उत्तर येत असे; मंडळें हजारोंनीं झाल्यावर कागदास उत्तर देणारें माणूस उरलें नाहीं. उत्तर येत नाहीं असें दिसलें कीं शेतकरी दुसऱ्यांदा कागद लिहीत नाहीं. तो तेवढा शहाणा आहे. दुसरें कारण चमत्कारिक आहे. रेडिओ स्वस्त झाला. चावडीवरच्या मोठ्या संचाची जागा घरोघरच्या लहानशा ट्रँझिस्टरनें घेतली. तो नांगराच्या रुमण्यास टांगून रानांत नेतां येऊं लागला. ऐकण्याची सोय वाढली आणि एकत्र बसण्याचें निमित्त संपलें. आमच्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत एका गांवच्या पंचायतीच्या कपाटांत, जन्ममृत्यूच्या जुन्या रजिस्टरांखालीं, सरकारी रेडिओ संच आम्हीं पाहिला होता. जडवस्तुसंग्रहाच्या वहींत तो ‘चालू’ म्हणून दाखविला होता. त्याच्या आंत झुरळांनीं घर केलें होतें.

सर्वच बुडालें असें मात्र कोणीं समजूं नये. तमिळनाडूंत तंजावरकडे ए. डी. टी. २७ नांवाचें भाताचें नवें वाण १९६६ च्या सुमारास आलें. तिरुचिरापल्लीच्या केंद्रानें त्याविषयीं इतका नेटानें प्रचार केला कीं लोक त्या भातास ‘रेडिओ भात’च म्हणूं लागले. बियाण्यास केंद्राचें नांव पडावें, याहून मोठा सत्कार कोणत्या निवेदकाचा होणार? दूरचित्रवाणीच्या बाबतींतहि आरंभ चांगला होता. दिल्लीचा ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजीं निघाला, तो भोंवतालच्या ऐशीं निवडक गांवांत सामुदायिक संच ठेवून. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील चोवीसशें खेड्यांत चित्रें दाखविण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यांतहि संच गांवाचा होता, घराचा नव्हता. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू होतें व ‘आमची माती आमची माणसं’ हा त्यावरील कार्यक्रम पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु या सर्वांची वाट पुढें तीच झाली. संच घरांत शिरला आणि कार्यक्रम मालिकांच्या गर्दींत हरवला.

येथें कोणी म्हणेल कीं दिवसभर राबून आलेल्या माणसास करमणूक हवी, उपदेश नको. हें म्हणणें खरें आहे, व तें आम्ही पूर्णपणें मान्य करतों. शेतीचा कार्यक्रम म्हणजे तज्ज्ञानें कागद वाचून दाखवावयाचा आणि मध्यें निवेदकानें ‘बरं बरं’ म्हणावयाचें, अशी जी तऱ्हा पडली आहे ती ऐकून जागा राहील असा शेतकरी विरळा. या बाबतींत इंग्लंडांतील एक दाखला घेण्याजोगा आहे. महायुद्धानंतर तेथें अन्नधान्याचें नियंत्रण चालू होतें व उत्पन्न वाढविण्याची निकड होती. १९४८ सालीं बर्मिंगहॅम येथें शेतकरी व बी. बी. सी. यांची एक बैठक भरली. तेथें लिंकनशरच्या एका शेतकऱ्यानें उठून सांगितलें कीं आम्हांस शेतकऱ्यांचा ‘डिक बार्टन’ पाहिजे. डिक बार्टन म्हणजे त्या वेळच्या एका साहसी हेरकथेचा नायक. सारा देश त्याच्यासाठीं रेडिओपाशीं बसे. बैठकींत पुष्कळांस हंसूं आलें असेल, पण गॉडफ्रे बेझली या कार्यक्रमाधिकाऱ्यानें ती गोष्ट मनावर घेतली. १ जानेवारी १९५१ पासून ‘दि आर्चर्स’ ही एका शेतकरी कुटुंबाची श्रुतिमालिका देशभर सुरू झाली. सासू-सुना, लग्नें, भांडणें, बाजार, रोगराई आणि मधूनच खतांची व गुरांच्या पैदाशीची माहिती. शेतकी खात्याचा तिच्याशीं संबंध १९७२ मध्यें संपला, पण मालिका चालूच राहिली. १ जानेवारी २०२६ रोजीं तिला पंचाहत्तर वर्षें होतात. ज्या मराठी मुलखांत वग, भारूड व कीर्तन यांनीं शेंकडों वर्षें हेंच काम केलें, त्यास हें इंग्रजांकडून शिकावें लागावें, याचें आम्हांस थोडें वैषम्य वाटतें.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. माहितीचा तोटा आहे असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. २००४ च्या जानेवारींत किसान कॉल सेंटर निघालें. शेतकऱ्यानें विनामूल्य दूरध्वनि करावा व आपल्या भाषेंत उत्तर घ्यावें. त्याच वर्षीं आकाशवाणीनें ‘किसान वाणी’ सुरू केली. २६ मे २०१५ पासून शेतकऱ्यांसाठीं दूरदर्शनची स्वतंत्र वाहिनी झाली. शिवाय आतां प्रत्येकाच्या खिशांत भ्रमणध्वनि आहे व त्यावर दिवसांतून पन्नास निरोप येतात. हवामानाचे, बाजारभावाचे, बियाण्याचे, औषधांचे, आणि त्यांत निम्मे खोटे. तें वाचतो तो एकटा, विश्वास ठेवतो तो एकटा, आणि फसतो तोहि एकटा. ही स्थिति १९५६ सालच्या त्या दहा गांवांची आहे. रेडिओ आहे, मंडळ नाहीं.

याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो हें २०१७ सालीं दिसून आलें. यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले आणि शेंकडों आजारी पडले. दोन-तीन औषधें एकत्र कालविणें, वाऱ्याच्या तोंडावर फवारणें, तोंडास कापड न बांधणें, भर उन्हांत उंच वाढलेल्या पिकांत शिरणें, अशा अनेक गोष्टी तेव्हां चर्चेस आल्या. औषधें विकणारे व त्यांवर देखरेख ठेवणारे यांची जबाबदारी मोठी होती, ती आम्ही कमी लेखीत नाहीं. पण विचार करा. त्या वर्षीं आकाशवाणी होती, दूरदर्शन होतें, फुकटचा दूरध्वनि होता, खिशांत फोन होते. नव्हतें तें एवढेंच कीं फवारणीच्या आदल्या संध्याकाळीं वीस माणसांनीं एकत्र बसून, ‘हें औषध त्यांत मिसळावें कीं नाहीं, कोणास काय माहीत आहे?’ असें एकमेकांस विचारावें आणि कोणा जाणत्यास विचारून दुसऱ्या दिवशीं उत्तर आणावें. फवारणारा मजूर बहुधा भूमिहीन असतो. तो अशा बैठकींत असता तर पहिला प्रश्न त्यानेंच विचारला असता.

म्हणून आमचें सांगणें असें आहे कीं शताब्दीच्या निमित्तानें आपल्या संस्थेनें सरकारकडे आणखी एखादी वाहिनी किंवा आणखी अर्धा तास मागूं नये. मागावयाचें तें उत्तर देण्याचें बंधन. कोणत्याहि केंद्रानें शेतकऱ्यांच्या मंडळाकडून आलेल्या लेखी प्रश्नास ठराविक मुदतींत नांवगांवासह उत्तर ऐकवावें, एवढा एक नियम झाला तरी आम्ही तो महोत्सव सफल झाला असें समजूं. आणि मंडळ बनविण्याचें काम मात्र आपलें आहे. तें सरकारवर सोंपविलें तर पुन्हां कपाटांतील संचासारखी गत होईल.

खर्चाची भीति कोणीं बाळगूं नये. चावडी, देऊळ, शाळेची पडवी किंवा सोसायटीची कचेरी, कोठेंहि वीस माणसांस बसतां येतें. ऐकण्याचें साधन एकाच्या खिशांत असलें तरी पुरे. वेळ मिळत नाहीं ही सबब आम्हांस पटत नाहीं. निवडणुकीच्या दिवसांत पारावर रात्रीं बारा वाजेपर्यंत माणसें बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. एक गोष्ट मात्र जुन्या मंडळांहून निराळी व्हावी असें वाटतें. बैठक केवळ खातेदार पुरुषांची असूं नये. पेरणीच्या वेळीं मूठ धरणारी, खुरपणी करणारी, कापूस वेचणारी व गुरांचें पाहणारी बाई घरांत राहावी आणि त्याच विषयांवर पुरुषांनीं पारावर चर्चा करावी, हें हास्यास्पद आहे. सातबारावर नांव असो वा नसो, जो शेतांत राबतो त्यास मंडळांत बसण्याचा हक्क असावा. या सूचनेवर कांहीं सभासद नाराज होतील हें आम्ही जाणून आहों.

बैठकीसाठीं एक वही मात्र अवश्य ठेवावी. वहीवांचून काम चालतें यावर आमचा विश्वास नाहीं. तिला पांच रकाने पुरेत: पहिल्यांत बैठकीची तारीख व हजर माणसांची संख्या, दुसऱ्यांत काय ऐकलें किंवा वाचलें, तिसऱ्यांत कोणती शंका निघाली व ती कोणाकडे पाठविली, चौथ्यांत उत्तर आल्याची तारीख, पांचव्यांत त्यावर गांवांत कोणीं काय करून पाहिलें. चौथा रकाना कोरा राहिला तर तो शाईनें रेघ मारून बंद करूं नये. तसाच उघडा ठेवावा, म्हणजे विचारणा करतांना दाखवितां येतो. पुणें, अहिल्यानगर, नाशिक, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील शाखांनीं, १९५६ सालचें एखादें मंडळ आपल्या गांवीं होतें कीं काय, त्याचे कांहीं कागद कोणाच्या घरीं किंवा सोसायटीच्या दप्तरांत शिल्लक आहेत काय, याचा शोध करून संपादकांकडे कळवावें. कागद जीर्ण असले तर मूळ पाठवूं नयेत. नक्कल करून पाठवावी आणि तिच्यावर रुजुवात घेतल्याची सही असावी.